आयडाहोची राष्ट्रीय प्रयोगशाळा : अणुभट्ट्या आणि वीजजाळ्याची सुरक्षा एकाच कुंपणात कशासाठी?

पैलतीरकर (धागाकर्ता)

गेल्या उन्हाळ्यात यलोस्टोनला जाताना आम्ही वाट थोडी वाकडी करून आयडाहो राज्यातील आर्को या लहानशा गावाकडे गेलो होतो. मुलांना तेथला काळा लाव्हा पाहायचा होता आणि मला 'ईबीआर-१' ही जुनी अणुभट्टी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत करड्या झुडपांचे माळरान पसरलेले असते, मधूनच दूरवर एखादी चौकोनी इमारत दिसते आणि पुन्हा माळरान सुरू होते. हे बहुतेक सगळे माळरान आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ताब्यात आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ चौपट भरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदल दुरुस्त केलेल्या तोफा येथे डागून पाहत असे. १९४९ मध्ये ही जागा अणुभट्ट्यांच्या चाचण्यांसाठी निश्चित झाली आणि त्यानंतर येथे ५२ अणुभट्ट्या बांधल्या गेल्या.

ईबीआर-१ ने २० डिसेंबर १९५१ रोजी चार दिवे पेटवले. अणुऊर्जेपासून वापरण्याजोगी वीज निर्माण होण्याची ती पहिली वेळ होती. पुढे १७ जुलै १९५५ रोजी बोरॅक्स-३ या दुसऱ्या अणुभट्टीने आर्को गावाला तासाभराहून थोडा अधिक वेळ वीज पुरवली. हा इतिहास मला ठाऊक होता. मला नवे वाटले ते वेगळेच. आज हीच प्रयोगशाळा वीजजाळे, पाणीपुरवठा आणि कारखान्यांच्या नियंत्रण यंत्रणांवर होणाऱ्या हल्ल्यांचाही अभ्यास करते, आणि त्यासाठी तिच्याकडे स्वतःच्या १३८ किलोव्होल्टच्या वाहिन्या व सात उपकेंद्रे आहेत.

जाणकारांना माझा प्रश्न असा आहे की हे दोन विषय एकत्र येण्यामागे काही आंतरिक कारण आहे, की मोकळी जागा होती म्हणून सरकारने दुसरे बिऱ्हाड तेथे आणून ठेवले?

वीजतंत्री

धागा उत्तम आहे. मी ३४ वर्षे वीजनिर्मितीच्या क्षेत्रात काढली आहेत, त्यामुळे दुसऱ्या बिऱ्हाडाबद्दल थोडे सांगू शकतो.

या प्रयोगशाळेचा वीज क्षेत्रातील सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे मार्च २००७ मधील 'ऑरोरा' चाचणी. सव्वादोन मेगावॅटचा एक डिझेल जनरेटर आणून तो तेथील वीजजाळ्याला जोडण्यात आला आणि दुरून, केवळ संगणकीय आज्ञा पाठवून, तो मोडण्यात आला. कोणी त्याला हात लावला नाही, कोणी स्फोटके वापरली नाहीत. त्याची चित्रफीत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीएनएन वाहिनीने दाखवली. त्यात ते अवाढव्य यंत्र जागच्या जागी हादरताना आणि अखेर पांढरा व काळा धूर ओकताना दिसते. प्रयोगामागच्या मंडळींपैकी मायकेल असांते हे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते. त्यांचे २०१९ मध्ये निधन झाले.

हे कसे घडले ते समजण्यासाठी धावत्या लोकलचे उदाहरण घ्यावे. फलाटावरून धावत्या गाडीत चढणाऱ्याला दोन गोष्टी साधाव्या लागतात. आपला वेग गाडीइतका हवा आणि पाऊल टाकताना दरवाजा नेमका समोर हवा. जनरेटर जाळ्याला जोडतानाही तेच करावे लागते. वारंवारता जुळली पाहिजे आणि त्याच क्षणी कलाही (फेज, म्हणजे दोन्हीकडच्या विजेच्या लहरींचा चढ-उतार) जुळली पाहिजे. आमच्या कंट्रोल रूममध्ये सिंक्रोस्कोप नावाची तबकडी असे. तिचा काटा सावकाश फिरत बाराच्या जवळ आला की ऑपरेटर ब्रेकर, म्हणजे जनरेटर जाळ्याला जोडणारा मोठा स्विच, लावत असे. ऑरोरामध्ये ब्रेकर मुद्दाम उघडला गेला, जनरेटर मोकळा होऊन थोडा पुढे पळाला आणि कला पुरेशी बिघडल्यावर ब्रेकर पुन्हा लावला गेला. अशा वेळी संपूर्ण जाळे त्या बिचाऱ्या यंत्राला एका हिसक्यात आपल्या तालावर ओढते. असे काही हिसके बसले की जोडाचे रबर फाटते आणि दांडा पिळवटतो.

हा हिसका मी एकदा अनुभवला आहे. केंद्राचे नाव सांगत नाही. दुरुस्तीनंतर मापनाच्या तारा चुकीच्या फेजला जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळे तबकडीवर काटा बारावर असताना प्रत्यक्षात १२० अंशांचे अंतर होते. ब्रेकर लागला आणि टर्बाइनच्या मजल्यावर उभ्या असलेल्या आम्हा सर्वांना भूकंप झाल्यासारखे वाटले. कपलिंगचे बोल्ट कातरले गेले होते. त्यामुळे ऑरोराची चित्रफीत पाहताना इतर लोक ज्याला चमत्कार म्हणत होते, त्याने माझ्या पोटात गोळा आला.

अदिती_को

वीजतंत्री काका, एक बाळबोध शंका आहे. आपण 'ब्रेकर लावला' असे लिहिता, तर मी वाचलेल्या एका बातमीत 'ब्रेकर बंद केल्यावर जनरेटर जळाला' असे होते. बंद केल्यावर यंत्र सुरक्षित व्हायला हवे ना?

वीजतंत्री

अदितीताई, शंका अजिबात बाळबोध नाही. इंग्रजीत ब्रेकर 'क्लोज' झाला म्हणजे मंडल पूर्ण झाले आणि वीज वाहू लागली. त्याचे शब्दशः 'बंद' असे भाषांतर केले की मराठी वाचकाला नेमका उलट अर्थ कळतो, कारण आपण दिवा 'बंद' करतो तो विझवण्यासाठी. उपकेंद्रांत म्हणूनच कोणी 'बंद' म्हणत नाही. तेथे 'क्लोज केला', 'ओपन केला' आणि 'ट्रिप झाला' असेच शब्द चालतात. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी हे बजावून सांगावे लागते, कारण फोनवरच्या एका चुकीच्या क्रियापदाने लाइनमनचा जीव जाऊ शकतो.

शुद्धमती

याचा अर्थ भाषांतरकाराने एका शब्दात जे साधले, त्यासाठी अमेरिकेला अख्खा माळ आणि सव्वादोन मेगावॅटचा जनरेटर लागला.

संशयात्मा

माहिती रंजक आहे, परंतु धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला फारच साधे वाटते. कोणतीही सरकारी संस्था मूळ काम आटले की नवे काम शोधते. या संस्थेची नावेच पाहा. १९४९ मध्ये ती 'अणुभट्टी चाचणी केंद्र' होती. १९७४ मध्ये 'अभियांत्रिकी प्रयोगशाळा' झाली. १९९७ मध्ये नावात 'पर्यावरण' आले, कारण तोपर्यंत जुना कचरा निस्तरणे हाच मोठा उद्योग होऊन बसला होता. २००५ मध्ये शेजारची आर्गॉन प्रयोगशाळेची शाखा तिच्यात विलीन झाली आणि आजचे नाव मिळाले. मधल्या काळात, १९९४ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने तेथल्या प्रमुख अणुभट्टी प्रकल्पाचा निधी तोडला होता. ११ सप्टेंबर २००१ नंतर सुरक्षेच्या नावाने पैसा वाहू लागला आणि २००३ मध्ये नियंत्रण यंत्रणांचे परीक्षण केंद्र येथे सुरू झाले. यात आंतरिक नाते शोधण्याची गरज काय?

ऑरोराबद्दलही थोडी शंका घेतली पाहिजे. कला जुळल्याखेरीज ब्रेकर लागू न देणारे संरक्षण बहुतेक ठिकाणी असते. हल्लेखोराला आधी आत शिरावे लागेल, रिले (ब्रेकरला आज्ञा देणारे संरक्षक उपकरण) ओळखावा लागेल, त्याच्या सूचना बदलाव्या लागतील. स्वतःच्या अंगणात स्वतःचे यंत्र मोडून दाखवणे त्या मानाने सोपे असते.

वीजतंत्री

संशयात्मा, आपल्या इतिहासाशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. कला तपासणारे संरक्षण असते हे खरे, परंतु ते प्रत्येक ब्रेकरवर असतेच असे नाही. शिवाय आजचा रिले हा स्वतःच एक संगणक आहे. जुन्या विद्युत्-यांत्रिक रिलेची 'समजूत' बदलायची तर पेचकस घेऊन पॅनेलपाशी जावे लागे. आता ती केबलवरून बदलता येते. ऑरोराने दाखवून दिले ते हेच, की ज्याला आपण राखणदार म्हणून बसवले त्याच्याच हाती दांडके आहे. आणि स्वतःच्या अंगणात मोडून दाखवणे सोपे असेलही, परंतु तसे अंगण किती जणांकडे आहे? कोणतीही वीज कंपनी चालू यंत्र मोडू देणार नाही, आणि संगणकावरच्या प्रतिरूपाने कोणत्याही संचालक मंडळाची झोप उडत नाही.

निनाद_ठाणे

ऑरोराचा एक विनोदी उत्तरार्ध येथे नोंदवतो. २०१४ मध्ये अमेरिकेत माहिती अधिकाराखाली कोणीतरी 'ऑपरेशन ऑरोरा'ची कागदपत्रे मागितली. ते गूगल आदी कंपन्यांवरच्या एका सायबर हल्ल्याचे नाव होते. गृहसुरक्षा खात्याने नावसाधर्म्यामुळे या जनरेटर चाचणीची ८०० हून अधिक पाने देऊन टाकली. रिलेची फसगत करण्यासाठी संगणकीय आज्ञा लागतात, खात्यासाठी एक अर्ज पुरला.

रोहिणी_आ

मी पेशाने भौतिकशास्त्राची अध्यापक आहे. चर्चा विजेकडे फार झुकली म्हणून थोडे अणुभट्टीकडे वळते, आणि मला वाटते की धागाकर्त्यांना हवे असलेले नाते तेथेच सापडते.

३ एप्रिल १९८६ रोजी याच माळरानावर ईबीआर-२ या प्रजनक (चालता चालता नवे इंधन तयार करणाऱ्या) अणुभट्टीवर एकाच दिवसात दोन चाचण्या झाल्या. अणुभट्टी पूर्ण शक्तीवर, म्हणजे साडेबासष्ट मेगावॅट औष्णिक क्षमतेवर, चालू होती. शास्त्रज्ञांनी आपत्कालीन बंदी यंत्रणा मुद्दाम निकामी केली आणि शीतक (गाभ्यातील उष्णता वाहून नेणारा द्रव) फिरवणारे मुख्य पंप थांबवले. इंधनाचे तापमान काही सेकंदांत झपाट्याने चढले आणि मग, कोणीही नियंत्रक कांड्या (न्यूट्रॉन शोषून प्रक्रिया थांबवणाऱ्या) आत न घालता, खाली आले. अणुभट्टी आपोआप शांत झाली. त्याच दिवशी दुपारी त्यांनी उष्णता बाहेर वाहून नेणारी दुसरी वाट तोडून पाहिली. पुन्हा तोच परिणाम दिसला. याचे कारण धातूरूप इंधनाच्या आणि गाभ्याच्या प्रसरणात आहे. गाभा तापला की फुगतो, अधिक न्यूट्रॉन बाहेर निसटतात आणि साखळी प्रक्रिया मंदावते. त्यातच सगळा गाभा द्रवरूप सोडियमच्या मोठ्या हौदात बुडालेला असल्याने उष्णता सामावून घ्यायला भरपूर वाव असतो.

आता ऑरोरा आठवा. दोन्ही प्रसंगी संरक्षक यंत्रणा बाजूला सारून प्रत्यक्ष यंत्राला विचारले गेले की आता तू काय करशील. ईबीआर-२ ने दिलेले उत्तर आश्वासक होते, जनरेटरने दिलेले तसे नव्हते. माझ्या मते प्रयोगशाळेची खरी विद्या ही आहे. अणू आणि वीजजाळे ही तिची केवळ दोन क्षेत्रे झाली.

अर्धवट

रोहिणीताई, तारीख पाहून मी थबकलो. चेर्नोबिल २६ एप्रिल १९८६, म्हणजे आपण सांगितलेल्या प्रयोगानंतर अवघ्या २३ दिवसांनी. आणि चेर्नोबिललाही त्या रात्री सुरक्षेचीच चाचणी चालू होती, तेथेही संरक्षक यंत्रणा बंद केल्या होत्या. मग एकाला शास्त्र म्हणायचे आणि दुसऱ्याला बेफिकिरी, हे निकाल लागल्यानंतरचे शहाणपण तर नव्हे?

रोहिणी_आ

अर्धवट, आपल्या नावाला न शोभणारा प्रश्न विचारलात, आणि तो टाळता येणार नाही.

पहिला फरक रचनेचा आहे. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत पाण्याची वाफ झाली की प्रक्रिया मंदावण्याऐवजी भडकत असे, विशेषतः कमी शक्तीवर. ईबीआर-२ मध्ये तापमानवाढ स्वतःच लगाम बनत होती. दुसरा फरक तयारीचा आहे. आयडाहोतील चाचण्या १९८४ पासून पायरी-पायरीने चालल्या होत्या. आधी कमी शक्तीवर, मग थोड्या अधिक शक्तीवर, आणि प्रत्येक पायरीवर गणिताने वर्तवलेले तापमान व मोजलेले तापमान ताडून पाहिल्यावरच पुढचे पाऊल टाकले गेले. ३ एप्रिलला तेथल्या लोकांना उत्तर बहुतांशी ठाऊक होते. चेर्नोबिलची चाचणी टर्बाइनच्या उरल्यासुरल्या फिरण्यातून किती वीज मिळते हे पाहण्यासाठी होती. तिच्याकडे विजेचा प्रयोग म्हणून पाहिले गेले आणि गाभ्याचे काय होईल याचा विचारच पुरेसा झाला नाही. दिवसभराच्या विलंबाने ती रात्रपाळीच्या गळ्यात पडली, हे तर सर्वश्रुत आहे.

तरीही आपले म्हणणे एका मर्यादेपर्यंत मान्य करते. आयडाहोचाही प्रत्येक प्रयोग अंदाजाप्रमाणे झालेला नाही. २२ जुलै १९५४ रोजी बोरॅक्स-१ ही छोटी अणुभट्टी मुद्दाम नष्ट करण्यात आली, तेव्हा झालेला स्फोट अपेक्षेपेक्षा मोठा होता. आणि २९ नोव्हेंबर १९५५ रोजी ईबीआर-१ वर चाचणी चालू असताना ऑपरेटरने वेगवान बंदी यंत्रणेऐवजी सावकाश सरकणाऱ्या कांड्यांचे बटण दाबले. तेवढ्या अवकाशात गाभ्याचा काही भाग वितळला. धागाकर्त्यांनी पाहिलेली अणुभट्टी ती हीच. तपासात लक्षात आले की तापल्यावर इंधनकांड्या आतल्या बाजूला वाकत होत्या, गाभा अधिक दाट होत होता आणि त्यामुळे प्रक्रिया वाढत होती. पुढच्या गाभ्यात कांड्यांना आतल्या बाजूस वाकू न देण्याची तजवीज करण्यात आली. ईबीआर-२ चे १९८६ मधले शहाणपण असे १९५५ च्या चुकीत रुजलेले आहे.

पोफळीची_बाग

'मोडून पाहणे' हा शब्द आपण सगळे फार कौतुकाने वापरत आहोत. मोडले की कोणाचे मोडते, हेही कोणीतरी लिहायला हवे.

३ जानेवारी १९६१ च्या रात्री याच ठिकाणी एसएल-१ या सैन्याच्या लहान अणुभट्टीत तीन तरुण सैनिक मरण पावले. नाताळच्या सुट्टीनंतर अणुभट्टी पुन्हा सुरू करण्याची तयारी चालली होती. मधली नियंत्रक कांडी हाताने काही इंच उचलून यंत्रणेला जोडायची होती. ती सुमारे २० इंच उचलली गेली. काही सहस्रांश सेकंदांत शक्ती नेहमीच्या क्षमतेच्या हजारो पटींवर गेली, पाण्याचा तडाखा बसला आणि अणुभट्टीचे सबंध पात्र नऊ फूट वर उडाले. एकच कांडी वर निघाली तरी अणुभट्टी पेटता कामा नये, हा नियम त्यानंतर रचनाकारांनी गांभीर्याने घेतला. प्रयोगशाळेच्या भाषेत हा 'धडा' असेल. त्या तीन घरांसाठी तो वेगळाच शब्द असणार.

दुसरे असे की हे माळरान ओसाड दिसले तरी त्याच्या पोटात स्नेक नदीच्या मैदानाचा प्रचंड भूजलसाठा आहे. खाली दक्षिणेला त्याच पाण्यावर आयडाहोचे जगप्रसिद्ध बटाटे पिकतात. प्रयोगशाळेने अनेक वर्षे सांडपाणी विहिरींवाटे सरळ जमिनीत सोडले होते. किरणोत्सारी ट्रिटियम आणि ट्रायक्लोरोएथिलीन हे औद्योगिक द्रावक भूजलात सापडले आणि त्यांची स्वच्छता करण्यात काही दशके गेली. अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड अणुकेंद्राच्या अपघातात वितळलेल्या गाभ्याचे अवशेषही तेथेच आणून ठेवलेले आहेत. राज्याचे गव्हर्नर सेसिल अँड्रस यांनी १९८८ मध्ये बाहेरून येणारा कचरा अडवला, आणि १९९५ च्या करारात वापरलेले इंधन २०३५ पर्यंत राज्याबाहेर नेण्याचे केंद्र सरकारने मान्य केले. ते नेणार कोठे, याचे उत्तर अमेरिकेकडे आजही नाही.

आमचे घर जैतापूरपासून दूर नाही, त्यामुळे 'ओसाड जागा' हा शब्द कागदावर दिसला की मी दोनदा वाचते. आमच्या माडबनच्या सड्यालाही कोणीतरी ओसाड म्हटले होतेच.

अदिती_को

पोफळीताई, आपला प्रतिसाद वाचेपर्यंत मी या धाग्याकडे यंत्रांची गोष्ट म्हणूनच पाहत होते. धन्यवाद.

कांदेपोहे

बटाट्यांचे कळल्यावर येथील एका सभासदाने आजचा वडापाव रद्द केला आहे. (रद्द केलेला वडापाव नाशकातल्या बटाट्याचा होता, परंतु भीतीला भूगोल नसतो.)

निनाद_ठाणे

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. वीजजाळ्यावरील हल्ल्याची चर्चा आपल्या दारापर्यंत येऊन गेली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. पुढे २०२१ च्या फेब्रुवारी अखेरीस एका अमेरिकी कंपनीने भारतीय वीज क्षेत्रातील घुसखोरीबद्दल अहवाल दिला आणि मार्चमध्ये राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ते मानवी चुकीमुळे घडल्याचे सांगितले. त्याआधी २०१९ मध्ये कुडनकुळम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यातील एका संगणकात घातक प्रणाली सापडली होती. अणुऊर्जा महामंडळाने २९ ऑक्टोबरला इन्कार केला आणि ३० ऑक्टोबरला ती आढळल्याचे मान्य केले. अणुभट्टी नियंत्रणाचे जाळे त्यापासून पूर्णपणे वेगळे असल्याचेही सांगितले.

वीजतंत्री काकांना विचारायचे आहे की मुंबईसारख्या प्रसंगी हल्ला झाला की चूक झाली, हे ओळखायचे कसे?

संशयात्मा

काकांच्या आधी मीच उत्तर देतो. बहुतेक वेळा चूकच असते, किंवा माकड असते. २०१६ मध्ये केनियात एक माकड वीजकेंद्राच्या रोहित्रावर पडले आणि देशभर अंधार झाला. माकडाला काहीही झाले नाही. श्रीलंकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या जातबांधवाने तोच पराक्रम केला. या माकडांना संगणकीय आज्ञा लिहाव्या लागल्या नव्हत्या. माझ्या मते सुरक्षेचा पैसा आधी झाडे छाटणे, जुनी रोहित्रे बदलणे आणि देखभालीचे वेळापत्रक पाळणे यांवर खर्च व्हावा.

वीजतंत्री

माकडाचा मुद्दा विनोदी असला तरी खोटा नाही. त्या दिवशी मुंबईला वीज आणणाऱ्या कळवा-पडघा भागातील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपैकी एक आधीच दुरुस्तीसाठी बाहेर होती आणि मग बाकीच्यांवर भार आला. अशी साखळी कोसळायला शत्रू लागत नाही. एक पाय आधीच उचललेला असताना दुसरा घसरला की पुरते.

परंतु याच ठिकाणी आयडाहोच्या मंडळींची विचारपद्धती मला उपयोगी वाटते. ते 'परिणामापासून मागे येणे' अशा रीतीने विचार करतात. प्रचलित पद्धत अशी की घरात चोर कोठून शिरेल त्या सगळ्या खिडक्यांची यादी करावी आणि प्रत्येकीला कडी लावावी. ते उलट सांगतात. चोर आत शिरला आहे असेच धरून चाला आणि विचारा की या घरातील कोणती एक गोष्ट गेली तर आपण पुन्हा उभे राहू शकणार नाही. त्या एका गोष्टीचे रक्षण मग संगणकाच्या भरवशावर सोडायचे नाही, साधी यांत्रिक व्यवस्था करायची. जनरेटरच्या बाबतीत याचा अर्थ असा की संगणकाने काहीही सांगितले तरी कला चुकीची असताना ब्रेकर लागूच न देणारे, बाहेरून सूचना न घेणारे एक स्वतंत्र उपकरण बसवायचे. यामुळे हल्ला होवो, चूक होवो की माकड उडी मारो, यंत्र वाचते. माझ्या त्या जुन्या केंद्रात असे काही असते तर ते बोल्ट कातरले गेले नसते. तेथे कोणी हल्लेखोर नव्हता, एक थकलेला तंत्रज्ञ होता.

युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ रोजी सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज दुरून घालवण्यात आली. पडद्यावरचा बाण आपोआप फिरून एकामागून एक ब्रेकर उघडतो आहे, हे तेथल्या ऑपरेटरांनी डोळ्यांनी पाहिले. तरीही काही तासांत वीज परत आली, कारण माणसे गाड्या घेऊन उपकेंद्रांत गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने लावले. आपल्याकडे मनुष्यविरहित उपकेंद्रे वाढत आहेत. त्यांचा फायदा मला मान्य आहे. परंतु हाताने ब्रेकर लावू शकणारा माणूस किती किलोमीटर दूर आहे, हा प्रश्न निविदेत असतो का?

रोहिणी_आ

काका, आपण नकळत माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला. ईबीआर-२ ची सुरक्षितता कोणत्याही आज्ञेवर अवलंबून नव्हती, ती धातूच्या प्रसरणावर अवलंबून होती. ब्रेकरजवळचे ते स्वतंत्र उपकरण म्हणजे त्याच विचाराचा विजेतील अवतार आहे.

एवढेच नव्हे, तर अपघाताचे गणित मांडणारी 'रिलॅप' ही संगणक प्रणाली याच आयडाहोत तयार झाली. शीतक गळाल्यावर अणुभट्टीत काय होते हे पाहण्यासाठी तेथे 'लॉफ्ट' नावाची ५० मेगावॅट औष्णिक क्षमतेची अणुभट्टी खास बांधली होती. तिच्यावरच्या प्रत्यक्ष मोजमापांशी असली गणिते ताडून पाहिली गेली. भारतीय संशोधकांच्या शोधनिबंधांतही रिलॅपचा वापर दिसतो.

संशयात्मा

रोहिणीताई आणि काका, जनरेटर व सोडियमचा हौद या दोहोंत एकच विचार आहे, हे मला पटले. तो विचार एकाच संस्थेत असण्याचे कारण मात्र मी अजूनही माळरान आणि निधी हेच मानतो. आणि विचार कितीही चांगला असला तरी पैशांचा हिशेब टळत नाही. याच माळरानावर न्यूस्केल कंपनीच्या लहान अणुभट्ट्यांचा ४६२ मेगावॅटचा प्रकल्प व्हायचा होता. अपेक्षित दर प्रति मेगावॅट-तास ५८ डॉलरवरून ८९ डॉलरपर्यंत चढला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो गुंडाळावा लागला. भौतिकशास्त्राने अडवले नाही, ग्राहकांनी अडवले.

पैलतीरकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका प्रवासातील कुतूहलाचे इतके विस्तृत उत्तर मिळेल असे वाटले नव्हते.

रोहिणीताईंनी १९५५ च्या चुकीच्या बटणाबद्दल लिहिले ते वाचून मी घरी येऊन छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली. ईबीआर-१ चे नियंत्रण कक्ष तेथे जसेच्या तसे जपलेले आहे. मी पॅनेलचे छायाचित्र घेतले होते, पण त्या वेळी माझे लक्ष भिंतीवर १९५१ च्या चमूने खडूने लिहिलेल्या नावांकडे होते, बटणांकडे नव्हते. बाहेरच्या आवारात अणुऊर्जेवर उडणाऱ्या विमानासाठी केलेली दोन प्रचंड प्रायोगिक इंजिने उभी आहेत. त्या विमानाचा नाद १९६१ मध्ये सोडून देण्यात आला. मुलांना मात्र सर्वांत आवडले ते किरणोत्सारी वस्तू काचेपलीकडून हाताळण्याचे यांत्रिक हात.

पोफळीची_बाग यांच्यासाठी एक नोंद. भूजलाबद्दल मी तेथे कोणाला विचारले नाही. मला तेव्हा तो प्रश्न सुचलाच नाही.

अदिती_को

आम्ही पुढच्या वर्षी यलोस्टोनला जाणार आहोत. संग्रहालय केव्हा उघडे असते?

पैलतीरकर (धागाकर्ता)

साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीस उघडते आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिटते. आर्कोच्या आग्नेयेला हमरस्त्यावरच आहे. इंधन आणि पाणी आयडाहो फॉल्सलाच भरून घ्या, वाटेत फारसे काही नाही.

कांदेपोहे

आणि वडे घरूनच न्या.